लिहून दिलेला विरोध

माझ्या नातीला शाळेतून एक कागद मिळाला. त्यावर टाईप केलेलं होतं : ‘विरोधी सदस्य क्रमांक तीन – (उठून, हात वर करून) हा अन्याय आहे, अध्यक्ष महोदय. आम्ही सभात्याग करतो. (बाकीच्यांबरोबर बाहेर जाते.)’ संपलं. वीस मिनिटांच्या सभेत पोरीला दीड ओळ, आणि मग बाहेर जाऊन जिन्यावर बसणं.

मी विचारलं, "अन्याय कसला?"

"ते नाही लिहिलेलं, आबा."

"मग तू ओरडणार कशावर?"

"ओरडायचं नाही. मॅडम म्हणाल्या, ठामपणे बोलायचं."

माझं डोकं तिथेच फिरलं, ते अजून पुरतं जागेवर नाही. म्हणून हे लिहायला बसलो. मी चौथी शिकलेला माणूस. शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. दीड वर्षापूर्वी बायको गेली. गिरणी विकली आणि धुळ्याला देवपुरात मुलाकडे येऊन पडलो. मुलगा एसटीत कंडक्टर, सून शिवणकाम करते, दोघांना उसंत नाही. घरात रिकामा मी एकटा. म्हणून नातीच्या शाळेची पालकसभा माझ्या वाट्याला आली, आणि ही अभिरूप विधानसभा काय असते ते मला तिथे कळलं.

मॅडम वयाने लहान, पण शिकवायची कळकळ होती. तिने वर्गातली बाकं समोरासमोर लावली होती. इकडे सरकार, तिकडे विरोधक, मधे उंच खुर्चीवर अध्यक्ष. तिने सांगितलं, बोलायचं ते अध्यक्षाकडे बघून बोलायचं, परस्पर भांडायचं नाही. एक बोलत असताना बाकीच्यांनी ऐकायचं. कायद्याचा जो मसुदा येतो त्याला विधेयक म्हणतात. त्यातलं काही पटलं नाही तर दुरुस्ती सुचवता येते. शेवटी होय म्हणायचं की नाही म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. नववीच्या पोरांना आत्तापासून याची ओळख झाली, तर मोठी होऊन ती सभेत नीट बोलतील.

मला हे फार पटलं. मी मागच्या बाकावरून म्हणालोसुद्धा, "हे आमच्या वेळी असतं तर आमची पंचायत सुधरली असती." लोक हसले. एका पालकाने विचारलं, "याचे मार्क धरतात का?" धरत नाहीत म्हटल्यावर तो मोबाईल काढून बसला.

आणि आठ दिवसांनी हा कागद. त्या दिवशी जे सांगितलं त्यातलं काहीच त्यात नव्हतं. सरकारने काय म्हणायचं ते लिहिलेलं, विरोधकांनी कुठे चिडायचं ते लिहिलेलं, बाकं कधी वाजवायची ते कंसात लिहिलेलं. शेवटी विधेयक मंजूर, तेही आधीच लिहिलेलं. मतदानाच्या वेळी विरोधक बाहेर जिन्यावर, मग नाही म्हणणार कोण?

नात घरातल्या बोळात सभात्यागाचा सराव करायची. आठ पावलं सरळ, मग डावीकडे वळायचं, मान ताठ. ही पोरगी भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून पाव तास वाद घालते. तिला यांनी चालायला शिकवलं.

"विधेयक कसलं आहे ते तरी सांग," मी म्हणालो.

"बाजाराच्या प्रत्येक गावात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधायचं."

"तुला पटतं का?"

"पटतं की. चांगलंच आहे."

"मग बाहेर कशाला जातेस?"

"मी विरोधी आहे ना, आबा. टीव्हीवर पण विरोधी बाहेरच जातात."

स्वच्छतागृह म्हटल्यावर मला माझी बायको आठवली. म्हणजे ती रोज आठवते, त्या दिवशी जरा वेगळी आठवली. मी छाती फुगवून नातीला सांगितलं, "तुझी आजी पाच वर्षं ग्रामपंचायतीत मेंबर होती. तिच्या काळात गावात बायकांचा संडास बांधला. पण बांधला कुठे? पारासमोर. पारावर दिवसभर माणसं पत्ते कुटत बसलेली. आजी म्हणाली होती, तिथे कोणी जाणार नाही. एक बाई गेली नाही. आज त्यात कडबा भरलाय."

पोरीचे डोळे चमकले. "आजीने सभेत सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

तिने तिथेच कागद उलटा केला आणि मागे लिहिलं : ‘दुरुस्ती – जागा ठरवण्याआधी त्या गावातल्या बायकांना विचारावे.’ दुसऱ्या दिवशी मॅडमला दाखवलं. संध्याकाळी येऊन म्हणाली, "मॅडम म्हणाल्या, छान आहे, पण बसत नाही."

"कुठे बसत नाही?"

"संहितेत."

मी चप्पल घातली. उद्यापर्यंत थांबा, शाळा सुटली, असं सूनबाई म्हणाली म्हणून थांबलो. सकाळी गेलो. मॅडम शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत होती.

"या आबा, बसा."

"बसत नाही. पोरीची ओळ का घेतली नाही?"

"ओळ चांगली होती. पण ही स्पर्धा आहे, आबा. जळगावला फेरी आहे. संहिता आधी पाठवावी लागते, ती आम्ही पाठवली. आता एकीने एक वाक्य वाढवलं तर सगळेच वाढवतील."

"वाढवू द्या. सभा आहे का बँडपथक आहे?"

पलीकडच्या टेबलावरचे एक सर हसले. म्हणाले, "आबा, खऱ्या ठिकाणी तरी कोण स्वतःच्या मनाचं बोलतं?"

"तुमच्या घरचा नळ गळतो का, सर?"

"गळतो की."

"म्हणून पोराला गळका नळ बसवायला शिकवता का?"

सर वहीत डोकं घालून बसले. मॅडम मात्र चिडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "मागच्या वर्षी मी मुलांना मोकळं सोडलं होतं. एक जण रस्त्यांच्या खड्ड्यांवर बोलला. छान बोलला. कोणीतरी व्हिडीओ काढला, फिरवला, आणि मुख्याध्यापकांना फोन आला. तेव्हापासून मुख्याध्यापक सर प्रत्येक ओळ वाचून सही करतात. मी इथे कायम नाही, आबा. माझी ऑर्डर दरवर्षी नव्याने निघते."

"म्हणजे तुम्ही भिता, आणि पोरी जिन्यावर बसतात."

तिने पुढची वही ओढली. मला तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझी जीभ गिरणीच्या पट्ट्यासारखी, एकदा फिरली की फिरली. मी म्हणालो, "माझी बायको पाच वर्षं मेंबर होती. मला सभा शिकवू नका."

मॅडमने पेन खाली ठेवलं. तिच्या तोंडावर टोमणा नव्हता, खरंच ऐकायचं होतं तिला. म्हणाली, "हो? मग सांगा ना, आजी सभेत काय काय बोलायच्या? मी मुलांना सांगेन."

ती शिपायाला चहा सांगत होती, तेवढ्यात मी तिथून निघालो. घरी गेलो नाही. पांझरेच्या पुलावर जाऊन उभा राहिलो.

मॅडमला जे सांगता आलं नाही ते इथे लिहितो.

निवडणुकीला मला उभं राहायचं होतं. आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला, म्हणून मी तिला उभं केलं. पत्रकावर नाव तिचं, फोटो दोघांचा, त्यात माझा मोठा. लोकांनी मतं दिली ती गिरणीवाल्याला. ती निवडून आली आणि गुलाल मी लावून घेतला. ती घरात आलेल्या-गेलेल्यांचा चहा करत होती.

महिन्याच्या सभेला मी जायचो. मी एकटाच नव्हतो. कागदावर पाच बाया मेंबर होत्या आणि खुर्च्यांवर चार नवरे आणि एकीचा सासरा. ग्रामसेवक हजेरी मांडताना म्हणायचा, "बठ्ठ्या ताई हजर शेत असं धरू." म्हणजे सगळ्या ताई हजर. आम्ही हसायचो. दर महिन्याला तोच विनोद, दर महिन्याला हसायचो. सभा झाली की शिपाई ठरावाची वही घेऊन घरोघर फिरायचा, बायांच्या सह्या घ्यायला. गावात यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट बाई स्वतः सभेला गेली असती तर लोक म्हणाले असते, नवरा आजारी आहे का?

माझी बायको सातवी शिकलेली होती. माझ्यापेक्षा तीन यत्ता जास्त. एरंडोलकडची. सुरुवातीला वही आली की पिठाचे हात पदराला पुसून ती ओळीवर बोट ठेवून वाचायची. शिपाई घाई करायचा, "वहिनी, अजून चार घरं शेत." ती तरी वाचायची. त्या संडासाच्या ठरावाला तिचं बोट एका जागी थांबलं. तिथे लिहिलं होतं, सूचक : आणि पुढे तिचं नाव.

"मन्हं नाव शे आठे. मी कधी सुचवं?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "कोणाचं तरी नाव टाकावं लागतं. बायकांचं काम म्हणून बाईचं टाकलं."

तिने जागा वाचली. "तठे कोन जाई? समोर पार शे. बठ्ठा माणसे बठेल राहतस."

"तुले काय समजस? सही कर. शिपाई उभा शे."

तिने सही केली. वही मिटून शिपायाच्या हातात दिली आणि परत भाकरी थापायला बसली. त्या दिवसानंतर साडेतीन वर्षांत तिने त्या वहीतली एक ओळ वाचली नाही. शिपायाने बोट दाखवायचं, तिने सही करायची. मला वाटलं, शिकली कामाची पद्धत. चांगलं झालं असं वाटलं मला.

आणि पत्ते कुटणाऱ्यांसमोर तो संडास उभा राहिला, रंगवलेला, वर ठळक अक्षरात ‘महिलांसाठी’. बाया पहाटे अंधारात नाल्याकडे जायच्या, त्या तशाच जात राहिल्या. त्यात माझी बायकोही होती, ठरावाची सूचक.

मागच्या वर्षी ती धुळ्याच्या दवाखान्यात होती. साखरेने नजर गेली होती, पायाचं ऑपरेशन करायचं होतं. नर्स कागद घेऊन आली. हिने पेन हातात धरलं आणि किती वर्षांनी म्हणाली, "आधी वाचीसन सांगा, काय लिखेल शे."

मी कागद बघितला. बारीक अक्षरं, निम्मी इंग्रजी. मला सांगता येईना आणि सांगता येत नाही हे कबूलही करता येईना. मी म्हणालो, "ऑपरेशनचा कागद शे. सही कर. नर्स उभी शे."

तिने सही केली. त्यातून ती उठली नाही. डॉक्टरचा दोष मी काढत नाही. पण ती वाचून दाखवा म्हणाली होती आणि मी वाचून दाखवलं नाही, एवढं खरं.

पुलावरून घरी आलो तर नात दारातच. "आबा, मॅडम काय म्हणाल्या?"

मी तिला बसवलं आणि हे सगळं सांगितलं. दवाखान्याचंसुद्धा. आजीने सभेत सांगितलं होतं हे खोटं आहे, ती सभेत कधी गेलीच नव्हती, तिच्या खुर्चीवर मी बसायचो, हेही सांगितलं. पोरगी रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "म्हणजे आजीला पण कागद द्यायचे. फक्त तुम्ही द्यायचात."

"हो."

"आणि मॅडमवर चिडलात."

"हो."

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. ताट समोर आदळून ठेवायची. तिसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाली, "मी जळगावला बाहेर जाऊ का नको?"

"मी काही सांगणार नाही," मी म्हणालो. "मी सांगितलं तर तो पण कागदच झाला."

जळगावला मी बरोबर गेलो. शाळेने एसटी केली होती, मागे जागा होती. पारोळा गेलं, एरंडोल आलं. बायको माहेरी निघाली की इथे खिडकीतून पद्मालयाच्या देवळाच्या दिशेने हात जोडायची. त्या दिवशी मी जोडले. तिच्या वाटचं जे काही केलं ते मी जन्मभर असंच केलं, तिच्या जागेवर बसून.

सभागृह मोठं होतं, पंखे गरगरत होते. पुढे तीन परीक्षक, त्यातल्या एकाच्या खांद्यावर सकाळीच घातलेली सत्काराची शाल. आमच्या आधी चार शाळा झाल्या. चारही शाळांची विधेयकं मंजूर झाली, चारही शाळांचे विरोधक बाहेर गेले. एका शाळेचे विरोधक बाहेर जाऊन वडापावाच्या गाडीवर उभे राहिले, त्यांना राष्ट्रगीताला शोधून आणावं लागलं. पण तिसऱ्या शाळेची पोरं काय बाहेर पडली. एका रांगेत, एका पावलावर, एकदम वळून. टाळ्यांचा कडकडाट. शालवाले साहेब शेजारच्याला म्हणाले, "वा, काय शिस्त." माझ्या अंगाची आग झाली. विरोध असा रांगेत करतात होय?

मग आमची शाळा. अध्यक्ष झालेल्या पोराच्या अंगात बापाचा काळा कोट, बाह्या बोटांपर्यंत. मंत्री झालेली मुलगी पाठांतराची पक्की, न चुकता बोलली. बाकं वाजली. कागदावरच्या जागी विरोधक उठले. नात उठली, म्हणाली, "हा अन्याय आहे, अध्यक्ष महोदय." सगळे बाहेर निघाले. आठ पावलं, डावीकडे. सहा जण गेले. नात जागेवर उभी.

"अध्यक्ष महोदय, मी सभात्याग करत नाही. विधेयक मला मान्य आहे. मला त्यात एक दुरुस्ती मांडायची आहे."

अध्यक्षाने कागद बघितला. उलटा करून मागे बघितलं. तिथे काय असणार? त्याने पडद्याआड मॅडमकडे पाहिलं. मी बसलो होतो तिथून मला मॅडम दिसत होती. तिने हाताने ‘खाली बस’ अशी खूण केली, एकदा, दोनदा. मग तिचा हात तसाच हवेत राहिला आणि हळूच खाली आला. काळ्या कोटातल्या पोराने घसा खाकरला आणि त्या दिवशीचा आपला पहिला स्वतःच्या मनाचा शब्द बोलला.

"मांडा."

नातीने मांडलं. एका गावात पारासमोर बांधलं, एक बाई गेली नाही, आता त्यात कडबा आहे. म्हणून आधी बायकांना विचारावं. नाव घेतलं नाही, गावाचं ना माझं.

मंत्री मुलीने फाईल मिटली. तिचंही पाठांतर संपलेलं होतं. ती म्हणाली, "सन्माननीय सदस्यांचं म्हणणं ठीक आहे. पण गावोगाव विचारत बसलो तर बांधायचं कधी?"

"विचारायला एक दिवस लागतो. चुकीचं बांधलं तर ते तसंच राहतं, पाडत कोणी नाही."

सरकारी बाकावरची एक पोरगी मधेच उठली. "पण पुरुष बसलेले असले तर बायका सांगतील का?"

"मग त्या दिवशी पुरुषांनी सभात्याग करावा," नात म्हणाली.

सभागृहात हशा पिकला. अध्यक्षसुद्धा हसला आणि मग आठवण होऊन त्याने घंटा वाजवली. बाहेर गेलेले विरोधक दारातून माना आत घालून ऐकत होते. मी चाळीस वर्षांत एवढी खरी सभा बघितली नव्हती, आणि ती चौदा-पंधरा वर्षांची पोरं चालवत होती.

मग मंत्री म्हणाली, "सदस्यांना एवढं माहीत आहे, तर त्यांनीच सांगावं. त्या गावात कुठे बांधायला पाहिजे होतं?"

नातीने माझ्याकडे बघितलं. एवढ्या माणसांतून थेट माझ्याकडे. मी तोंड उघडलं आणि मला कळलं की मला माहीत नाही. ती नको का म्हणते तेवढं मी ऐकलं होतं. मग कुठे, हे मी तिला त्या दिवशी विचारलं नाही, नंतर विचारलं नाही, दवाखान्यात तीन आठवडे उशाशी बसलो होतो तेव्हाही विचारलं नाही.

नात अध्यक्षाकडे वळली. "ते मला माहीत नाही, अध्यक्ष महोदय. ज्यांना माहीत होतं त्यांना कोणी विचारलं नाही. आता त्या नाहीत."

परीक्षकांची वेळेची घंटा झाली. अध्यक्षाने घाईघाईने दुरुस्ती मताला टाकली. होय म्हणणारा आवाज दारातून आला, त्या बाहेरच्या सहा जणांचा. सरकारी बाकावरूनही आला. "होयचं बहुमत," तो म्हणाला आणि बाही सावरत उतरला.

आम्हाला काही मिळालं नाही. पहिला नंबर त्या रांगेत बाहेर पडणाऱ्या शाळेचा. शालवाले साहेब आमच्याबद्दल माइकवर म्हणाले, "देवपूरच्या चमूत आत्मविश्वास दिसला, पण संहितेपासून फारकत आणि वेळेचं भान सुटलं." बाहेर चहाच्या टेबलाजवळ मी त्यांना गाठलं.

"साहेब, पाच शाळांत मिळून पाच मिनिटं खरं बोलणं झालं. त्याचेच मार्क तुम्ही कापले."

"आजोबा, नियम सगळ्यांना सारखे असतात."

"बरोबर आहे. आमच्या वहीतही सगळं सर्वानुमतेच असायचं."

त्यांना ते कळलं नाही. त्यांनी मला बिस्किट पुढे केलं. मी घेतलं नाही.

परतीच्या गाडीत मॅडम माझ्या पुढच्या बाकावर बसली होती. पारोळा आलं तशी मागे न बघता म्हणाली, "मुख्याध्यापकांनी विचारलं तर मी सांगणार आहे की दुरुस्ती मीच मांडायला लावली."

"आणि तुमची ऑर्डर?"

"बघू."

मी तिच्यावर जे बोललो होतो ते मला आठवलं. माफी मागायची सवय नाही मला. मी पिशवीतला चिवड्याचा पुडा पुढे केला. तिने घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी गावाला गेलो. संडास तसाच, ‘महिलांसाठी’ची अक्षरं निम्मी उडालेली, दाराला दोरी, आत कडबा. पारावर पत्ते चालू होते. "या आबा, हात मारता का?" कोणी म्हणालं. मी थांबलो नाही. आमच्या शेजारची म्हातारी, बायकोची सगळ्यात जवळची, ओट्यावर तूर निवडत बसली होती. मी उभ्या उभ्याच विचारलं की माझ्या बायकोला तो संडास कुठे हवा होता.

म्हातारीने सुपातून मान वर केली नाही. "हौदना मांगे. चिंचना आडे. पाणी जोडे, पार दिसत नही, आनी बठ्ठ्या गल्ल्यास्मधून वाट शे."

"तुला तिने सांगितलं होतं?"

"माले एकलीले? बठ्ठ्या बायास्नी मियीसन ठरायेल व्हतं. तुमनी गिरणीवरच. दयण आनूत तवय." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमीन कधी इचारंच नही."

माझ्या गिरणीवर. दळण रांगेत लावून बाया भिंतीला टेकून बसायच्या, माझ्यापासून चार हातांवर. गिरणी चालू असताना त्यांची तोंडं हलताना मला दिसायची. त्यांची सभा तिथे भरत होती आणि मी पंचायतीत तिच्या खुर्चीवर बसून सर्वानुमते मंजूर करत होतो.

हौदाच्या मागे गेलो. चिंच आहे अजून. पारावरून मी दिसतो का, ते बघायला मान वळवली. पार दिसत नव्हता, पत्त्यांचा आवाजसुद्धा येत नव्हता. पलीकडे तीन गल्ल्या येऊन मिळत होत्या. जागा दहा बाय पंधरा पावलं, सपाट, रिकामी. एवढी उघड जागा.

तिथूनच मॅडमच्या मोबाईलवर नातीला फोन लावला. मधली सुट्टी होती, मागे पोरांचा गलका.

"कळलं?" तिने विचारलं.

"हौदाच्या मागे. चिंचेच्या आडोशाला."

"थांबा, लिहून घेते."

"कुठे लिहितेस?"

"त्याच कागदावर. दुरुस्तीच्या खाली." थोडा वेळ ती लिहीत होती. मग म्हणाली, "आबा, सूचक म्हणून आजीचं नाव टाकू?"

मी म्हणालो, "टाक. या वेळी खरं आहे."

मग ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक आता नवा आहे, पोरगा. मी त्याला म्हणालो की येत्या ग्रामसभेत मला एक विषय मांडायचा आहे. त्याने अर्ज लिहून द्या म्हटलं. मी म्हणालो, अर्ज बाया लिहितील, त्या दिवशी तू फक्त पारावरच्यांना आत येऊ देऊ नको. तो हसला, त्याला थट्टा वाटली. मी हसलो नाही. त्याच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि म्हातारीच्या ओट्यावर नेऊन ठेवला, तुरीच्या सुपाशेजारी, कोराच.